चार आकडे

धाकटीने टेबलावर वस्तू मांडून मोजल्या. नवा राउटर एक. जुना राउटर एक, त्याच्या अँटेना दोन, त्यांतली एक चिकटपट्टीने बांधलेली. अडॅप्टर एक, निळी वायर एक. शिवाय एका खोक्याचं झाकण, त्यावर पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे. जुन्याचे हिरवे दिवे अजून चालू होते.

"आता याचं काय करायचं?" ताईने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

"नव्याची रेंज मागच्या खोलीपर्यंत जाते. याची गरज संपली."

"मग दे टाकून. की लोणचं घालणारेस?"

"असाच नाही टाकत. आत काय काय साठलेलं असतं. आधी सगळं पुसायचं, मग दुकानातल्या जुन्या यंत्रांच्या पेटीत."

"तू ना, बाटलीला चिठ्ठी लावल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसशील."

धाकटी हसली. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिचा दिवस चिठ्ठ्या लावण्यातच जाई.

हा जुना राउटर ताईचा. नवऱ्याने घरी नवा बसवल्यापासून तो माळ्यावर पडून होता. सात आठवड्यांपूर्वी घर सोडताना ताईने मुलीबरोबर दोन पिशव्या घेतल्या आणि एका पिशवीत हाही टाकला. "बहिणीकडे रिकाम्या हाताने कशी येऊ?" असं दारात म्हणाली होती. ओठ सुजला होता, त्यामुळे हसू एकाच बाजूला उमटलं. या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा पत्ता वकीलबाई आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापिका सोडून कुणालाच दिला नव्हता.

मागच्या खोलीत रेंज नव्हती, म्हणून धाकटीने तो राउटर तिथे जोडला. लावताक्षणी ताईचा फोन आणि भाचीचा टॅब जुनी ओळख असल्यासारखे आपोआप जोडले गेले. मग नाव आणि पासवर्ड बदलायचा खटाटोप तिने केला नाही. एरवी ती असली कामं अर्धवट सोडत नसे.

त्या दिवशी रेंज मोजायचा खेळ झाला होता. आठ वर्षांची भाची फोन घेऊन जिना उतरत गेली आणि प्रत्येक वळणावरून आकडा ओरडून सांगत राहिली. आकडा जितका लहान, तितका फोन राउटरच्या जवळ. धाकटीने ते झाकणावर उतरवले: टेबल ३८, दाराबाहेर ५२, दुसरा मजला ६६, खालचं फाटक ७९.

तिने लॅपटॉपवर जुन्या राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या यंत्रांची यादी आली. पहिलं नाव 'मालकाची बायको'. दुसरं 'मालकाची पोर'.

"ताई, ही नावं कुणी दिली गं?"

"त्यांनीच. गंमत म्हणे." ताईने उशीचा अभ्रा जरा जोरातच झटकला.

यादीत तिसरं नावही होतं. 'मालक'.

"त्यांचा एखादा जुना फोन आलाय का तुझ्या सामानात?"

"त्यांची सुईसुद्धा आणली नाही मी. का गं?"

धाकटीने त्या नावावर क्लिक केलं. सोमवार, चार वाजून दहा, ७९. मंगळवार, चार वाजून दहा, ७९. काल, चार वाजून बारा, ६६.

तिने झाकण जवळ ओढलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवलं. फाटक. फाटक. दुसरा मजला. ताईच्या फोनला ओळख राहिली होती, तशी त्याच्याही फोनला राहिली होती. तो नुसताच हा भाग धुंडाळत फिरत असेल, आणि परक्या रस्त्यावर खिशातल्या फोनने त्याला त्याच्याच घराचं नाव दाखवलं असेल. मग तो रेंजच्या मागोमाग जिना चढला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"ताई, दाराला कडी लाव. वरचीही."

"अगं, पण झालं काय?"

"आधी लाव. आवाज करू नकोस."

ताई अभ्रा हातात धरूनच उठली. धाकटीने फोन उचलला आणि पोलिसांचा नंबर दाबला. पलीकडे घंटी वाजू लागली. मागच्या खोलीतून भाची येऊन लॅपटॉपपाशी उभी राहिली. 'मालक'पुढचा ठिपका नुकताच हिरवा झाला होता.

"मावशी, आपला खेळ! मी वाचू?"

धाकटीने तिला जवळ ओढलं. फोन अजून कुणी उचलला नव्हता.

"सहासष्ट," भाचीने वाचलं.

दारापाशी ताईने वरची कडी सरकवली.

"साठ."

"बबडे, हळू बोल."

भाचीने पडद्यावर बोट टेकवलं आणि कुजबुजत्या आवाजात पुढचा आकडा वाचला.

"बावन्न."