दुफीची रांगेतली जागा

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी असुओसो गावच्या शाळेच्या अंगणात दगडांची रांग लागे. ज्याचा दगड त्याची जागा. कुणी विटेचा तुकडा ठेवी, कुणी फुटकी बादली, आणि सकाळी मालक येऊन आपल्या खुणेमागे उभा राही. दुसऱ्याचा दगड हलवायची कुणाची छाती नव्हती. मागच्या दोन्ही निवडणुकांत रांगेत पहिली खूण दुफीची होती: मिरच्या वाटायच्या मातीच्या फुटक्या परळाचं बूड.

यंदा ते नव्हतं. पोकुआने रांग पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. पक्षाची या केंद्रावरची अध्यक्ष ती. पक्ष आठ वर्षं सत्तेत होता, आणि या देशात आठ वर्षं झाली की लोक राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला घरी पाठवतात, मग तो कुठलाही असो. ‘आठाचा फेरा मोडू’ असं तिच्या सदऱ्यावर छापलेलं होतं.

दुफी तिची शाळेपासूनची मैत्रीण. वर्षभर ती पोकुआशी बोलली नव्हती. उद्या ती आली तर तिने आपल्याला माफ केलं असं समजायचं, हे पोकुआने मनाशी ठरवून टाकलं. मग तिला धीर धरवेना. दुफी चर्चला गेली होती. पोकुआने तिच्या परसातून ते बूड उचललं आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवलं.

सकाळी उत्तरेकडच्या धुळीने सूर्य पांढरा दिसत होता. रांग सरकू लागली. ज्यांचे मालक आले नव्हते ते दगड मागची माणसं पायाने हळूच पुढे ढकलत होती. असे दगड बरेच होते आणि ते कुणाच्या घरचे हे पोकुआला ओळखता येत होतं. सगळी घरं आपल्याच पक्षाची.

“काकू,” दुसऱ्या पक्षाचा बाफूर ओरडला, “दगडांच्या अंगठ्याला शाई लावा की! तेवढीच तुमची मतं वाढतील.”

लोक हसले. दुफीचं बूड मतदानाच्या टेबलाजवळ आलेलं पाहून पोकुआ उठली.

दुफी आपल्या घरच्या अंगणात बसून मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके कणसाच्या सालपटांत बांधत होती. तिने मान वर केली नाही.

“तुझं बूड रांगेत आहे,” पोकुआ म्हणाली.

“तरीच. मी सकाळपासून शोधतेय. चोरलंस होय?”

“जागा धरली तुझी. चल गं. अंगठा उठवून ये, केंके काही पळून जात नाहीत.”

“नको.”

“मग त्यांना देणार आहेस मत?”

“त्यांना? आई थडग्यातून उठून येईल माझी.”

“मग?”

“मग काही नाही. बसणार इथंच.”

पोकुआ तिच्यासमोर उकिडवी बसली. दवाखान्याचं बाळंतपणाचं घर दुसऱ्या पक्षाने बांधायला घेतलं होतं. भिंती खिडकीच्या वरपर्यंत आल्या आणि सरकार बदललं. तेव्हा पोकुआच व्यासपीठावरून म्हणाली होती, “त्यांच्या भिंतींवर आपण छप्पर घालायचं? आपलं दुसरं बांधू, मोठं!” त्या दुसऱ्या घराचा पाया खणून झाला, आणि काम तिथेच थांबलं. जुन्या भिंती झाडं उगवून ढासळल्या. गेल्या वर्षी दुफीची मुलगी सेरवा कुमासीच्या हॉस्पिटलकडे जाताना रस्त्यातच टॅक्सीत बाळंत झाली. आई आणि बाळ, दोघंही गेली.

“दुफी, मी त्या दिवशी जे बोलले...”

“बोललीस. आणि टाळ्या मीही वाजवल्या होत्या.” दुफीने सालपटाची गाठ आवळली. “खूप वाजवल्या गं. जा आता, तुझी रांग खोळंबली असेल.”

संध्याकाळी झाडाखाली मोजणी झाली. एकेक मतपत्रिका उंच धरून सगळ्यांना दाखवत होते. दुसऱ्या पक्षाचा ढीग मागच्या वेळेएवढाच होता. पोकुआच्या पक्षाचा निम्म्यावर आला होता. देशभर असंच झाल्याचं रेडिओ सांगू लागला, तसे रस्त्यावर ढोल सुरू झाले.

बाफूर टेबलावर चढला. “आता आपलं बाळंतपणाचं घर होणार!”

“तो पाया खणून ठेवलाय,” पोकुआ म्हणाली. “त्याच्यावर तरी बांधा रे.”

“तुमच्या खड्ड्यावर आम्ही भिंती घालायच्या? आमचं नवीन होईल काकू, मोठं!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोकुआने त्यांचे चेहरे पाहिले. काही पोरी पोटुशा होत्या.

तिने टेबलाखालचं बूड उचललं आणि दुफीच्या परसात गेली. दार बंद होतं.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“मी. बूड परत आणलंय.”

“ठेव तिथंच. त्यात पाणी घाल. कोंबड्या दिवसभर तहानल्यात.”

पोकुआने पाणी घातलं. कोंबड्या आल्या, प्यायल्या, खुराड्यात गेल्या. ती तिथेच उभी राहिली. दार उघडलं नाही.