दोन कोसांचा दम

अठ्ठेचाळीसच्या ज्येष्ठात रझाकारांची टोळी पहिल्यांदा गावात घुसली. गावकरी पळत दोन कोसांवरच्या हद्दीपलीकडं, निजामाच्या अमलाबाहेर पोचले. शिवकांता मात्र ओढ्यापर्यंतच गेली. चार वर्षांच्या चन्नीला कवटाळून ती घायपाताच्या आड पडून राहिली. पोरीनं रडू नये म्हणून तिच्या तोंडावर हात दाबला. टोळी गेली तेव्हा पोरगी निळी पडली होती. बराच वेळ पाठ चोळल्यावर तिनं श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी शिवकांता धुळाप्पाकडं गेली. तरुणपणी तो टपालाची थैली घेऊन गावोगाव पळायचा. आता गुडघे गेले होते.

"काका, मला पळायला शिकवा. पोरीला घेऊन, हद्दीपातुर."

"आत्ता किती पळतीस?"

"ओढ्यापातुर. मग छाती फुटायला येती."

"भ्यानं पळतीस म्हणून. बोलता येईल इतकं हळू पळ. पन्नास पावलं पळ, पन्नास चाल. दम लागायच्या आधी चाल, लागल्यावर न्हाय."

नवरा वारल्यापासून ती किराणा दुकानात बसून असायची. पहिल्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या, की उंबरा ओलांडवेना. काळ्या रानात पाय रुतत, म्हणून ती मुरमाच्या वाटेनं पळे.

"रांडमुंड बाई लुगडं खोचून पळती," सासू रुद्रम्मा चिडली. "लोक काय म्हणतील?"

"लोक पळाले तवा त्यांनी मागं बघितलं का, अत्ती?"

श्रावणात रुद्रम्मानंच चन्नीच्या वजनाएवढी ज्वारी गोणीत भरून सुनेच्या पाठीला बांधली. त्या ओझ्यानं शिवकांता रोज अर्ध्या वाटेवर कोसळायची. शेजारच्या गावातून रोज धूर दिसायचा. एकदा तर ती वाटेतच बसून ढसाढसा रडली.

भाद्रपदात भर दुपारी ओरडा झाला. रुद्रम्मानं पोरीला सुनेच्या पाठीवर बांधलं.

"तुमी?"

"माझ्यापायी थांबशील तर तिघी मरू. जा!"

शिवकांता निघाली. मागं बंदुका वाजत होत्या, तरी ती पन्नास पावलं झाली की चालायची. सगळं अंग पळ म्हणत असताना चालणं, याहून अवघड काही तिनं केलं नव्हतं. जोरात सुटलेले दोघं वाटेत छाती धरून बसले होते. ती थांबली नाही.

हद्दीपलीकडं तिनं चन्नीला गावच्या उमाबाईच्या ओटीत दिलं आणि ती उलटी फिरली.

"वेडी झालीस का?" उमाबाई ओरडली.

रुद्रम्मा ओढ्याच्या अलीकडं, तुरीच्या रानात सरपटत येताना सापडली. गुडघे सोलवटले होते. शिवकांतानं तिला पाठीवर घेतलं. आता पळणं शक्य नव्हतं. ती वीस पावलं चालायची, टेकायची, पुन्हा उठायची.

"धुळाप्पाकाका?" तिनं विचारलं.

"आपल्या दारात त्यास्नी अडवायला उभा ऱ्हायला. मला म्हणाला, तुमी मागल्या दारानं निघा."

शिवकांतानं एकदा मागं गावाकडं बघितलं आणि ती पुन्हा चालू लागली. दिवस मावळताना दोघी हद्दीपलीकडं पोचल्या. चन्नी उमाबाईच्या मांडीवर झोपली होती.