कुडापलीकडचं उत्तर

अंबूबाईनं वैरणीची पेंढी गोठ्यात टाकली, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिला गप्प उभं केलं आणि कुडाच्या भिंतीला कान लावला. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला त्या दिवशी अंबूबाईचा होता.

पलीकडच्या खोलीत तिची भाची स्नेहल आणि भोरची सदफ समोरासमोर बसल्या होत्या. सदफ पुण्याला विद्यापीठात समाजकार्य शिकत होती. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास विद्यापीठ आणि बालविकास खातं मिळून करत होतं. पोरं विद्यापीठाची, गाडी सरकारची. गाडीवरची पाटी दिसल्यापासून अंबूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीशी एकटीनं बोलायचंय, असं सदफ म्हणाली तेव्हा ती मुकाट्यानं उठली, म्हशीला वैरण घालून येते म्हणाली आणि वळसा घालून इथं येऊन उभी राहिली.

स्नेहलचा बाप अमृत हा अंबूबाईचा पाठचा भाऊ. टेम्पो उलटून तो गेला तेव्हा पोरगी नुकती पावलं टाकत होती. तिची आई रत्ना पोटासाठी पुण्याला गेली, एका मेसमध्ये पोळ्या लाटू लागली आणि पोरगी अंबूबाईच्या पदरात राहिली. अंबूबाईला ना नवरा उरला होता, ना मूल झालं होतं. आता रत्नानं कात्रजला खोली घेतली होती आणि लेक परत मागितली होती. निकाल पुढच्या महिन्यात पुण्याला बाल कल्याण समितीपुढं लागायचा होता. आई ती आई, हे अंबूबाईला कळत होतं, पण वळत नव्हतं.

ही विद्यापीठाची पोरं आधी मार्गासनी गावाला जाऊन आली होती. तिथल्या ठकुबाईनं सांगितलं होतं, की मुलं बोलतात ते गुपित राहतं, नाव कुठं जात नाही. मात्र कुणी मारतं, छळतं असं पोर बोललं, तर ते तडक हापिसात कळवतात. अंबूबाईनं नेमकं तेवढंच उचललं. स्नेहलच्या टाचेवर काळा डाग होता. खाचरात काटा मोडला तेव्हा अंबूबाईनंच बिब्ब्याचा चटका दिला होता, त्या खोऱ्यात निम्म्या गावाच्या टाचेला असतो तसा. सुट्टीत आईकडं गेले तेव्हा आईनं डागलं, असं सांगायचं तिनं पोरीला पढवून ठेवलं होतं. पोरगी ऐकून घ्यायची. हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

पलीकडे शाळेचं झालं, मैत्रिणींचं झालं. मग सदफचा आवाज हळू झाला.

"स्नेहल, तुला कुणी मारतं का?"

अंबूबाईच्या हाताखाली म्हैस हलली. तिनं नखं रुतवून तिला थांबवलं.

"आत्या धपाटा घालती कदी कदी. दूध सांडलं की."

"आणि आई?"

अंबूबाईनं कान भिंतीला आणखी दाबला. आता, अंबूबाई मनात म्हणाली. बोल आता.

"आई न्हाई मारत."

"मग टाचेला हे काय झालंय?"

"काटा मोडला व्हता. आत्यानं बिब्बा दिला. तवा आत्याच जास्त रडली."

अंबूबाईला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. एवढं पढवून पोरीनं ऐन वेळी माती खाल्ली होती. ती भिंतीपासून सरणार, तेवढ्यात सदफनं विचारलं, तुला कुणाजवळ राहावंसं वाटतं.

"आत्याला सांगनार न्हाई न्हवं?"

"कुणालाच नाही."

"आईकडं." मग आवाज आणखी बारीक झाला. "पन समितीत इचारलं तर म्या आत्याकडंच म्हननार हाय. आत्या एकटी पडंल."

अंबूबाई तशीच उभी राहिली. म्हैस वैरण ओढत होती आणि तिला वाटत होतं, आपण हे ऐकलंच नसतं तर किती बरं झालं असतं.

सदफ निघताना अंबूबाईनं चहा केला. कप पुढं करत तिनं विचारलं, की पोरीनं सांगितलेलं पुण्याला समितीपर्यंत जाणार का. तिच्या चेहऱ्यावरची भीती बघून सदफनं तिला धीर दिला.

"नाही मावशी, अगदी निर्धास्त राहा. आमचा अभ्यास वेगळा, समितीची चौकशी वेगळी. आमच्याकडून नाव बाहेर जात नाही."

"काईच न्हाई जानार?"

"शब्दसुद्धा नाही. समिती तिला स्वतः विचारेल. ती तिथं सांगेल तेच धरतील."

अंबूबाईनं मान हलवली. ती जिंकली होती. बोट उचलायचं नव्हतं, तोंड उघडायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की पोरगी तिची होती. गाडी उतारानं दिसेनाशी होईपर्यंत ती अंगणात उभी होती. ज्या गाडीचा तिनं सकाळपासून धसका घेतला होता, ती जाऊ नये असं तिला आता वाटत होतं.

दुपारी तिनं चूल पेटवली. स्नेहल ताटावर बसली, पण नेहमीसारखी भाकरी कुस्करत राहिली. टाचेचं खोटं बोलले नाही म्हणून आत्या ओरडेल, या धास्तीनं ती वर बघत नव्हती. ऐकलं म्हणून सांगावं, तर सदफताईनंच फोडलं असं पोरीला वाटलं असतं. आत्यासाठी राहू नको म्हणावं, तर पोरगी आणखीच घट्ट चिकटली असती. अंबूबाई तव्याकडं बघत म्हणाली,

"स्नेहू, समितीत इचारलं तर आईकडं जाती म्हन."

पोरीचा हात ताटातच थांबला.

"म्या न्हाई जानार."

"जायचं. मला आता तुजं व्हत न्हाई. शाळा, डबा, आजारपन... लई वरसं केलं. आता मला जरा मोकळं ऱ्हाऊ दे."

"खरंच व्हत न्हाई?"

"न्हाई."

पोरगी आत्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिथं धूर होता, डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं. मग तिनं मान खाली घातली, पुढ्यातली भाकरी संपवली आणि कधी नव्हे ती दुसरी मागून घेतली.