ताईच्या पेशींतला आरएनए

भाऊजींनी पहिला घाव घातला तो प्रयोगशाळेच्या काचेच्या दारावर. हातात गाडीचं चाक खोलायचा लोखंडी पाना होता.

"कुठे ठेवलंयस तिला?"

इथे संशोधन करणारी धाकटी टेबलामागून पुढे आली. तिची मोठी बहीण, म्हणजे यांची बायको, हिवाळ्यात फ्लूने गेली. चांगली धडधाकट बाई, बघता बघता संपली. फुफ्फुसाचा तुकडा संशोधनासाठी ठेवू का, असं धाकटीने तेव्हा विचारलं होतं. भाऊजींनी मान हलवली होती. पण तेव्हा ते भानावर तरी कुठे होते!

"भाऊजी, ऐका ना. ताईच्याच पेशींनी बनवलेला एक आरएनए सापडलाय. त्यापासून प्रथिन बनत नाही. पण विषाणू शिरला की पेशी तो ढिगाने बनवतात आणि त्यांचाच प्रतिकार दबतो. तो बंद केला तर फ्लू दिलेले आमचे उंदीर वाचताहेत."

"माझी बायको फ्रीजमध्ये, आणि हिचे उंदीर वाचताहेत!"

पाना खाडकन मायक्रोस्कोपवर आदळला. मध्ये पडलेल्या सहकाऱ्याच्या तोंडावर कोपर बसलं. दात तुटला, रक्त भळाभळा वाहू लागलं. भाऊजी दिसेल ते फोडत आतल्या खोलीकडे वळले. तिथे जिवंत विषाणू वाढवलेल्या पेशी होत्या.

"तिकडे नको!" धाकटी आडवी गेली. पाना तिच्या खांद्यावर उतरला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

धड हाताने तिने स्टूल उचललं आणि त्यांच्या गुडघ्यावर हाणलं. ते कोसळले, पुन्हा उठू लागले. तिने पुन्हा हाणलं. पाना लांब घरंगळला, तरी तिचा हात थांबेना.

"ताईला ताप अंगावर काढ म्हणणारे तुम्हीच ना? डॉक्टरकडे नेलं असतंत तर?"

भाऊजींनी डोक्यावरचे हात खाली घेतले. "हो," ते म्हणाले. "मीच." आता ते मार चुकवतही नव्हते. तेव्हा कुठे तिने स्टूल टाकलं.

पुढे मोडक्या खांद्याचा हात गळ्यात अडकवून ती त्यांना इस्पितळात भेटायला गेली. त्यांच्या पायाला प्लास्टर, दाराशी पोलीस. या वेळी तिने सगळं नीट समजावलं आणि परवानगी पुन्हा मागितली. नको म्हणालात तर तुकडा परत देईन, असंही सांगितलं.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"तिला तिथे दुखत नाही ना गं?"

"नाही, भाऊजी."

"मग राहू दे."

पोलिसांतली तक्रार मात्र तिने मागे घेतली नाही.