सुरक्षित मात्रा

“माय, हे मासे कुठून आणले?”

“वढ्यातून. वरीच तरंगून राह्यल्ते. जाळं लागलं न्हाई का गळ.” चांगुणाबाईनं हसत कालवणात मीठ टाकलं. “समद्या वस्तीला वाटले बघ.”

देवानंद शनिवारचा नुकताच गावी आला होता. त्यानं चुलीवरचं भगोनं उचललं आणि कालवण उकिरड्यावर ओतलं.

यंदा गावच्या कापसावर किडीसाठी नवं औषध फवारलं होतं, आणि त्याची परीक्षा शहरातल्या प्रयोगशाळेत त्याच्याच हातून झाली होती. टाक्यांत मासे सोडायचे, पाण्यात औषध वाढवत न्यायचं, किती मात्रेला निम्मे मरतात ते गणितानं काढायचं आणि तिच्या शंभराव्या हिश्शाला सुरक्षित म्हणायचं. वस्तीतला पहिला एम.एस्सी. तो. त्याचं गणित चुकलं नव्हतं. पण टाकीतले मासे एकाच जातीचे, पोसलेले होते. फवारणीच्या पाठोपाठ पाऊस येईल, शेतं धुतली जातील आणि सगळं औषध एका बारीक ओढ्यात उतरेल, हे त्या गणितात कुठंच नव्हतं.

तो दारोदार धावला. “मासे खाऊ नका! फेकून द्या!”

शेजारच्या रखमाजीआबांकडे पोहोचला तेव्हा म्हातारा जेवून ओसरीवर आडवा झाला होता. हातापायांना झटके येत होते, तोंडाला फेस होता. बैलगाडीत घालून जालन्याला नेलं, पण आबा वाटेतच गेले.

सोमवारी देवानंदनं मेलेल्या माशांची बरणी प्रयोगशाळेच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“फार वाईट झालं,” साहेब म्हणाले. “पण एका ओढ्यावरून निष्कर्ष निघत नाही. नमुना मोठा हवा, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

“मंग अजून किती वढे पाह्यजेत, साहेब?”

कचेरीत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून गावची बोली निघाली होती. साहेबांनी बरणी खिडकीकडे सरकवली. औषध दुकानांत पोहोचलं होतं. ते कुणी माघारी बोलावणार नव्हतं.

दुपारच्या गाडीनं तो गावी परतला आणि ओढ्याच्या उतारावर जाऊन उभा राहिला. सांजेला वस्तीतला गुराखी कारभारी गुरं घेऊन आला.

“कारभारी, इथं पाजू नको. हिरीवर ने.”

“शिकून येडा झाला का रे? बाजूला हो. तहानली हायेत जनावरं.”

गुरांना पाण्याचा वास लागला होता. पुढच्या म्हशीनं त्याच्या छातीला शिंगं लावून रेटा दिला. देवानंदची पावलं चिखलात मागं घसरत गेली, घोट्यांना पाणी लागलं. त्यानं पसरलेले हात खाली घेतले नाहीत.