दार ना खिडकी ज्या घराला

पंचफुलाबाईंनी पावाचा तुकडा भाजीत बुडवला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. तुकडा भाजी पिऊन मऊ झाला, तुटून ताटलीत पडला, तरी त्यांना त्याची शुद्ध नव्हती. समोरच्या स्टेजवर एक म्हातारी माईक दोन्ही हातांनी गच्च धरून गात होती. आवाज चिरका झाला होता, पण सूर जागेवर होता.

"दार ना खिडकी ज्या घराला,
दिवा ना बत्ती रातीला,
पाव्हणा तिथं निजून राह्यला,
सांग बाई, ते घर कोनाचं?"

"हेच ते, आत्याबाई," मंजुश्री सासूच्या कानाशी लागून म्हणाली. "एवढंच गातात. पुढचं गातच नाहीत."

बुलडाण्यात तलावाकाठी ही खाण्याच्या गाड्यांची चौपाटी झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी तिथे गाणी असतात, आणि तीही फुकट. गाडीवाल्यांनी आपसांत ठरवून ऑर्केस्ट्रा बसवला. माणसं गाण्याला येतात आणि खाऊन जातात, असा साधा हिशेब. पंचफुलाबाईंचा मात्र यावर विश्वासच बसत नव्हता. फुकटात कोण गातं? आधी गाणं ऐकवतील आणि मग एखादा मिक्सर नाहीतर गादी गळ्यात मारतील, असं म्हणून त्या इतके दिवस घरीच बसल्या होत्या. मुलगा धम्मरत्न एसटीच्या वर्कशॉपात होता. त्याने आईची समजूत घालण्याचा नाद केव्हाच सोडला होता.

आज त्यांना आणलं ते सुनेने, आणि तिचा त्यात स्वार्थ होता. ऑर्केस्ट्राचा निवेदक कुलदीप मध्ये मध्ये लोकांनाही गायला बोलावतो. तेव्हा ही म्हातारी हमखास वर चढते, तेवढ्याच चार ओळी गाते, गर्दीवरून नजर फिरवते आणि खाली उतरते. लोकांना मजा वाटते. कुणी खालून ओरडतं अंडं, कुणी नारळ, कॉलेजची पोरं काहीबाही ओरडतात. म्हातारी सगळ्यांना मान हलवते. गेल्या शनिवारी मंजुश्रीने उभं राहून "आईचं पोट" असं सांगितलं होतं. त्यावर म्हातारीने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हटलं, "बराबर हाय, बाई. पन तुले नाही विचारलं."

झालं! मंजुश्रीचा आठवडा त्यातच गेला. उत्तर बरोबर आहे म्हणते आणि घेत नाही, हा काय प्रकार? मग विचारलंय तरी कोणाला? वर्गात मुलांना गणित शिकवतानाही तिच्या डोक्यात तेच घर आणि तोच पाहुणा. शेवटी तिने ठरवलं, जुन्या माणसालाच विचारावं. जुनं माणूस घरातच होतं.

आता ते जुनं माणूस पदर डोक्यावर ओढून कुल्फीच्या गाडीआड सरकलं होतं. पण ताटलीच्या काठावर त्यांची बोटं ठेका धरत होती. मंजुश्रीने ते पाहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूला साधं गुणगुणताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही ओळखता का हो त्यांना?"

पंचफुलाबाई आधी नाही म्हणाल्या. मग ताटली खाली ठेवली, तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या, अर्धं सुनेला आणि अर्धं स्वतःलाच.

ती जनकाबाई. जानेफळची. तिची गाण्याची पार्टी होती, आणि पंचफुलाबाईंचीही स्वतःची होती, नवरा ढोलकीवर. जयंतीच्या दिवसांत गावोगाव दोन पार्ट्यांचा सामना लागायचा, त्याला दुय्यम म्हणत. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही तोवर सवाल टाकणारीलाही पुढचं काही गाता येत नाही, तिनेही थांबायचं. एका वर्षी रोहिणखेडच्या बाजूला सामना होता. पंचफुलाबाईंचे दिवस भरत आले होते. सासू नको नको म्हणत असताना त्या गेल्या, कारण समोर जनकाबाई होती आणि घरी बसायला त्यांचा जीव तयार नव्हता. जनकाबाईने त्यांचं पोट पाहिलं आणि हसत हसत हा सवाल टाकला. चिडवायलाच टाकला होता. जवाब पंचफुलाबाईंच्या ओठावर होता, माईक तोंडाशी होता, आणि तेवढ्यात पोटात पहिली कळ आली.

मागच्या मागे त्यांना जीपमध्ये घालून नेलं. लोकांना कोण काय सांगणार? लोकांनी पाहिलं ते एवढंच, की सोपा सवाल पडला आणि पार्टी गायब झाली. पंचफुला भिऊन पळाली, ही बातमी त्यांच्या आधी त्यांच्या गावात पोचली. मांडीवर बाळ होतं, घरचे म्हणाले आता पुरे. त्यांनीही गाणं टाकून दिलं. अंगाईसुद्धा गायली नाही. जनकाबाईनेच हे पसरवलं असणार, याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. पुढे त्या कधी जानेफळच्या वाटेला गेल्या नाहीत. त्या बाजूची सोयरीक आली तरी काहीतरी खुसपट काढून मोडली.

मंजुश्री डोळे मोठे करून ऐकत होती. पाणी आणायला गेलेला धम्मरत्न मध्येच बाटली घेऊन आला आणि तोही ऐकत उभा राहिला. आपण या जगात आलो ते एक सामना मोडून, हे त्यालाही आजच कळत होतं.

"मग द्या ना जवाब," मंजुश्री म्हणाली.

"आता काय गळा राह्यला काय माह्या? अन् तिच्या तोंडाले लागू मी?"

स्टेजवर कुलदीपने म्हातारीकडून माईक घेतला. तो पोरगा वाईट नव्हता, फक्त घाईत होता. पुढची गाणी खोळंबली होती. आजी, लोक हेच ऐकून ऐकून कंटाळले, पुढच्या वेळी दुसरं काहीतरी गा, असं तो हसत म्हणाला. लोक हसले. जनकाबाईंनी माईकशी तोंड नेलं.

"दुसरं गाता येत नाही, बाप्पा. याचा जवाब यायचा हाय."

पंचफुलाबाईंच्या हातातला पदर सुटला. म्हणजे हिने पण? इतकी वर्षं? आपण गाणं सोडलं ते रागाने, लाजेने, घरच्यांच्या धाकाने. हिला तर कोणी अडवलं नव्हतं. सामना मोडला, पार्ट्या मोडल्या, ऐकणारी माणसंही गेली, आणि ही बाई एका सवालापाशी नियम धरून उभी आहे. पंचफुलाबाईंना तिची दया आली, आणि मग स्वतःचा असा राग आला की त्या ताडकन उठल्या.

"धम्मा, हात दे."

गर्दीतून वाट काढत त्या निघाल्या. गुडघे कुरकुरत होते. जनकाबाई पायऱ्यांकडे वळल्या होत्या, मागून कोण येतंय ते त्यांना दिसत नव्हतं. पंचफुलाबाई दुसऱ्या बाजूने स्टेजवर चढल्या आणि कुलदीपपुढे हात केला. त्या हाताला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

पहिला सूर लागलाच नाही, नुसती हवा आली. खाली कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी खाकरून घसा मोकळा केला, डोळे मिटले आणि पुन्हा धरला. पहिल्या दोन ओळी तेव्हाच्याच होत्या, ओठावर राहून गेलेल्या. पुढच्या दोन तिथे उभ्या उभ्या सुचल्या.

"घर ते माह्यं, सांगते बाई,
भाडं त्याले मागत नाही,
सवाल ऐकून जागा झाला,
जवाबाले येळ ना दिला."

ढोलक वाजवणाऱ्याने कधी ठेका धरला ते त्यालाही कळलं नसेल. पायरीवरच्या जनकाबाई मागे वळल्या नाहीत. कठड्याला धरून, पाठमोऱ्या, त्यांनी चारही ओळी ऐकल्या. शेवटची ओळ संपल्यावरच त्या हळूहळू वळल्या. खाली लोक टाळ्या वाजवत होते. काय झालं ते कुणाला नीटसं कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं आहे एवढं कळलं होतं. मंजुश्री तर खुर्चीवर चढून उभी होती.

पंचफुलाबाईंनी माईक कुलदीपकडे दिला. जे बोलायचं होतं ते त्यांना लोकांपुढे बोलायचं नव्हतं.

"मी पळाली नव्हती वं, जनका."

"मले काय सांगतं? माह्यासमोर तुले कळ आली. तुह्या तोंडावर पाह्यली न मी." जनकाबाईंनी जवळ येऊन त्यांचं मनगट धरलं. "लोक म्हनत पळाली. मी ज्याले त्याले सांगो, पळाली नाही, जवाब आनाले गेली. येईन ती."

पंचफुलाबाईंनी नुसता मागे हात केला. मागे धम्मरत्न उभा होता, कानशिलावर पांढरे झालेले केस, पोट सुटलेलं, हातात पाण्याची बाटली, सगळी चौपाटी आपल्याकडे बघते म्हणून घामाघूम.

जनकाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं. मग पंचफुलाबाईंकडे वळून त्या म्हणाल्या,

"लय मोठा आनला वं."