मी तुझ्याआधी पोचतो

गूढविद्येच्या मंडळाच्या बाईसाहेब सातासमुद्रापलीकडून आल्या होत्या आणि त्यांना म्हणे मेलेल्यांशी बोलता यायचं. जिवंतांशी बोलताना मात्र त्यांचा पारा कायम चढलेला असायचा, पण ते असो. त्यांच्याभोवती साहेबलोकांचा गोतावळा होता, आणि त्या गोतावळ्यात देशी शिष्य एकच. कचेरीतली बरी नोकरी सोडून, बायकोला आईजवळ ठेवून हा गडी मंडळाच्या घरी राहायला आला होता. दिवसभर मासिकाच्या घड्या घालायच्या, वेष्टनांना खळ लावायची, आणि मग माडीवरच्या फळीवर उताणं पडून देहाबाहेर निघायची साधना करायची, हा त्याचा संसार.

साधनेचे नियम कडक होते. जोडे दाराबाहेर, डोळे मिटलेले, आणि देह रिकामा असताना त्याला कुणी हात लावायचा नाही. हात लागला तर बाहेर गेलेला जीव परतीची वाट चुकतो म्हणे. दुसरा नियम त्याहून कडक. परीक्षेचं वर्ष संपेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही, ओलांडला की वर्ष पहिल्यापासून. ते पार पडलं की डोंगरातल्या गुरूंचं दार उघडणार होतं. या एका आशेपायी त्यानं घरादारावर पाणी सोडलं होतं. वर्ष संपत आलं होतं, आणि नेमका तेव्हाच थोरला भाऊ दारात उभा राहिला.

"आईचं काही खरं नाही," भाऊ म्हणाला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "सारखं तुझं नाव घेतेय. चल."

शिष्य बोटांवरची खळ पुसत राहिला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "दादा, तू हो पुढे. मी तुझ्याआधी पोचतो."

भावाला वाटलं, मंडळाची घोडागाडी असणार. साहेबलोकांना काय कमी! तो बिचारा आला तसा पायी माघारी गेला.

शिष्य माडीवर जाऊन पडला. श्वास मंद केला. आणि काय सांगावं, त्याला खरोखरच गल्ली दिसली, दार दिसलं, खिडकीजवळची खाट दिसली. आईच्या उशाशी बसून त्यानं तिचा हात हातात घेतला. ती हसली. तो भानावर आला तेव्हा गाल ओले होते. "जाऊन आलो," तो रिकाम्या देहाच्या पहाऱ्यावर बसलेल्या साहेबाला म्हणाला. साहेबानं लगेच ते मासिकासाठी टिपून घेतलं.

आई गेल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. शिष्य रडला, पण त्या रडण्यात एक समाधान होतं. आपण गाठलं होतं तिला! बाईसाहेबांनी त्याच्यासाठी नियम सैल केला. "जा," त्या म्हणाल्या, "आणि घरच्यांची साक्ष घेऊन ये."

घरात पाऊल टाकताच मावशीनं त्याला मिठी मारली. "बाळा, तू आलास तेव्हा मी नेमकी चुलीपाशी होते रे! पण ताई म्हणाली मला, आला माझा मुलगा, भेटला म्हणून. सुखानं गेली बघ."

शिष्याच्या अंगावर काटा आला. भाऊ कोपऱ्यात बसला होता, तो काही वर बघेना. शिष्य आनंदाच्या भरात मागच्या खोलीत गेला. तिथे त्याची बायको त्याचाच जुना कोट घडी करत होती.

"ऐकलंस? मी आलो होतो!"

"ती मी होते," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"दादांनी येऊन सांगितलं, तो निघालाय, माझ्याआधी पोचतोय. तेव्हापासून सासूबाईंनी दाराकडे तोंड करून घेतलं. जीव अडकला होता हो त्यांचा. डोळ्यांना दिसत नव्हतंच. शेवटी मला बघवेना. तुमचा कोट अंगात घातला आणि उशाशी जाऊन बसले. बाही चाचपून म्हणाल्या, आलास? मी नुसतं हं म्हटलं. बोलले असते तर आवाज ओळखला असता."

बाहीवर औषधाचा तपकिरी डाग होता. शिष्यानं तो निरखून पाहिला. मीच तुझ्यात शिरलो असेन, असं म्हणायला त्याची जीभ उचलली होती. तेवढ्यात त्याला खाट आठवली.

"खाट खिडकीजवळ होती ना?"

"खिडकी? वारा सोसेना म्हणून थंडीतच आत घेतली ती." तिनं कोट त्याच्या हातात दिला. "अहो, दिवेलागणीपर्यंत होत्या त्या. चालत निघाला असता तरी भेटला असता."

ती रडली नाही, ओरडली नाही. त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मंडळाची सभा खच्चून भरली होती. शिष्य उभा राहिला आणि त्यानं सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. "मी गेलो नव्हतो. माझी बायको होती."

बाईसाहेबांचे डोळे पाणावले. "बघा!" त्या म्हणाल्या. "खरा शिष्य आपली सिद्धी अशी लपवतो."

"अहो, कसली सिद्धी! मी इथे फळीवर लोळत होतो आणि तिकडे माझी आई..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. बाईसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि परीक्षा पार पडल्याचं जाहीर केलं. ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते असं पदरात पडलं, आणि आता ते त्याला नकोसं झालं.

लोक पांगू लागल्यावर मासिकाच्या छापखान्यातला फोरमन हात जोडून पुढे झाला. त्याचे वडील शेजारच्या गावी अंथरुणाला खिळले होते. "महाराज, तुम्ही एकदा जाऊन बघून याल?"

"मी महाराज नाही. तू स्वतः जा."

"मालक सोडत नाही हो. नोकरी जाईल, चार तोंडं आहेत घरात."

शिष्यानं मासिकाचं एक कोरं वेष्टन पुढे ओढलं. "पत्ता सांग."

आजूबाजूचे हसले. "तुम्हाला हो कशाला पत्ता?"

"मला लागतो," शिष्य म्हणाला.

दाराबाहेरचे जोडे त्यानं पायात घातले, बायकोनं दिलेला कोट अंगात चढवला आणि कुणाला न विचारता उंबरठा ओलांडला. वाटेत टाच सोलली, पाणी पडायला लागलं, तरी तो थांबला नाही. तिथे काय बोलायचं ते त्यानं मनात पक्कं केलं होतं. तुमच्या मुलाला रजा मिळाली नाही, त्यानं मला पाठवलंय, असं स्वच्छ सांगायचं. आता खोटं म्हणून बोलायचं नाही.

शेजारणीनं दार उघडून दिलं. आत अंधारलं होतं. म्हातारा दाराकडे तोंड करून पडला होता, डोळ्यांवर मोतीबिंदूचा दाट पडदा. पावलांचा आवाज ऐकून त्यानं हात पुढे केला, चाचपडत कोटाची ओली बाही धरली आणि घट्ट धरून ठेवली.

"आलास?"

शिष्यानं तोंड उघडलं, मिटलं. मग उशाशी बसून नुसतं हं म्हटलं.